समुद्राचा हिरवेपणा किती खोलीवर असतो? वनस्पती प्लवकांच्या रंगद्रव्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर या भागांतील शाळा-महाविद्यालयांत समुद्रविज्ञानावर बोलायला गेले की व्याख्यानानंतर बहुतेक तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडे पाणी म्हटले की डोळ्यांसमोर खाडी येते आणि खाडी तर गढूळ. त्यामुळे स्वच्छ निळ्या समुद्राखाली शंभर मीटरवर हिरव्या जीवांचा दाट पट्टा असतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवातून या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत.

वनस्पती प्लवक म्हणजे काय, आणि त्यांच्या रंगद्रव्याला एवढे महत्त्व का?

प्रवाहाविरुद्ध जाण्याचे बळ नसलेले, पाण्याबरोबर वाहत राहणारे आणि सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे सूक्ष्म जीव म्हणजे वनस्पती प्लवक. पृथ्वीवरील सर्व वनस्पतींच्या एकत्रित वस्तुमानात त्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. तरीही प्रकाशसंश्लेषणाने दरवर्षी बांधल्या जाणाऱ्या कार्बनपैकी जवळजवळ निम्मा कार्बन हे जीव बांधतात. याचे कारण त्यांच्या आयुष्याच्या वेगात आहे. वडाचे झाड शंभर वर्षे लाकूड साठवत बसते, तर प्लवकाची पेशी एक-दोन दिवसांत दुभंगते किंवा कोणाच्या तरी पोटात जाते.

या सर्वांमध्ये हरितद्रव्य-अ हे रंगद्रव्य कोणत्या ना कोणत्या रूपात असतेच. समुद्रातली एकेक पेशी मोजणे अशक्य आहे, पण पाण्यातले हरितद्रव्य मोजता येते, म्हणून शास्त्रज्ञांनी हा मापदंड निवडला. त्याचे माप घनमीटरमागे मिलिग्रॅम असे देतात. खुल्या, उष्ण समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा अनेकदा ०.१ च्याही खाली असतो, तर खालचे पाणी वर येणाऱ्या किनाऱ्यांवर तो १० च्या पुढे जाऊ शकतो.

सगळे प्लवक हिरवेच असतात का?

नाही. हरितद्रव्याच्या जोडीला प्रत्येक गटाची स्वतःची साहाय्यक रंगद्रव्ये असतात. डायटममध्ये फ्युकोझँथिन असते आणि त्यामुळे त्यांचा रंग सोनेरी-तपकिरी दिसतो. डायनोफ्लॅजेलेटांपैकी अनेकांत पेरिडिनिन असते. नीलहरित जिवाणूंमध्ये झियाझँथिन असते. एखाद्या खोलीवरच्या पाण्यात कोणते साहाय्यक रंगद्रव्य किती आहे हे पाहिले की तिथे कोणाची वस्ती आहे याचा अंदाज बांधता येतो. त्यामुळे ‘खोलीनुसार रंगद्रव्य बदलते’ या वाक्यात दोन गोष्टी असतात: रंगद्रव्याचे प्रमाण बदलते आणि त्याचा प्रकारही बदलतो.

उपग्रह रोज समुद्राचा रंग टिपतात. मग पाण्याखाली पाहण्याची गरज काय?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समुद्राचा रंग अवकाशातून मोजण्याची सुरुवात १९७८ मध्ये निंबस-७ उपग्रहावरील उपकरणाने झाली. भारताने मे १९९९ मध्ये ओशनसॅट-१, सप्टेंबर २००९ मध्ये ओशनसॅट-२ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ईओएस-०६ हा त्याच मालिकेतील पुढचा उपग्रह सोडला. या उपग्रहांनी दिलेले नकाशे अमूल्य आहेत, परंतु ते वरच्या थराचेच नकाशे आहेत.

थोडे गणित करून पाहू. पाण्यात प्रकाश खोलीबरोबर झपाट्याने घटतो. उपग्रहापर्यंत परतणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के प्रकाश, पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा साधारण ३७ टक्के भाग जिथे उरतो त्या खोलीच्या वरूनच येतो. उलट, प्रकाशसंश्लेषण साधारणपणे एक टक्का प्रकाश उरेपर्यंत चालते आणि काही जीव त्याहूनही मंद उजेडात तग धरतात. एक टक्क्याची खोली ही ३७ टक्क्यांच्या खोलीच्या सुमारे ४.६ पट असते. म्हणजे जिथे उजेडाचा थर १०० मीटर जाड आहे, तिथे उपग्रहाला वरचे वीस-बावीस मीटरच दिसतात आणि उरलेले सुमारे ऐंशी मीटर त्याच्या नजरेआडच राहतात.

म्हणूनच नकाशावर निळ्या रंगात दाखवलेल्या भागाला ‘समुद्री वाळवंट’ म्हणून मोकळे होणे मला घाईचे वाटते. फ्रान्सचे आंद्रे मोरेल आणि जाँ-फ्रान्स्वा बेर्तों यांनी १९८९ मध्ये जगभरातील हजारो खोलीनिहाय नोंदींवरून पृष्ठभागावरचे हरितद्रव्य आणि संपूर्ण उजेडाच्या थरातील हरितद्रव्य यांचे नाते मांडले. त्यांच्या सूत्रांत ०.०५ आणि ५ हे पृष्ठभागाचे दोन आकडे घालून पाहिले, तर पृष्ठभागावरचा फरक शंभरपट असताना संपूर्ण थराची बेरीज मात्र साधारण आठपटच वाढलेली दिसते. गरीब दिसणाऱ्या समुद्राची बरीचशी पुंजी खाली असते, हे या एका हिशेबातून कळते.

पण खाली उजेड कमी असताना हरितद्रव्य खाली जास्त कसे?

कारण प्लवकांना उजेड आणि खत या दोन्ही गोष्टी लागतात, आणि समुद्रात त्या दोन विरुद्ध दिशांनी येतात. उजेड वरून येतो. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट हे क्षार खालून येतात. वरच्या थरातील प्लवक हे क्षार शोषून घेतात, मग पेशी मरतात किंवा प्राणिप्लवकांच्या विष्ठेच्या रूपात खाली बुडतात, आणि त्यांच्याबरोबर खतही अंधारात जाते. तिथे जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि क्षार पुन्हा पाण्यात मोकळे होतात. असे वर्षानुवर्षे चालल्यामुळे वरचे पाणी निकस होत जाते आणि खालचे पाणी समृद्ध होते.

उष्ण प्रदेशांत वरचे पाणी तापलेले आणि हलके असते. ते खालच्या थंड, जड पाण्यावर तवंगासारखे पसरून राहते, आणि वाऱ्याला या दोन थरांची घुसळण करणे जमत नाही. मग खत खालच्या थरात अडकून पडते. एका ठरावीक खोलीपासून नायट्रेट वाढू लागते. त्या खोलीच्या आसपास जर एक टक्क्याच्या आगेमागे का होईना उजेड पोहोचत असेल, तर दोन्ही गरजा जेमतेम भागतात आणि तिथे हरितद्रव्याचा एक स्पष्ट पट्टा तयार होतो. त्याला खोल हरितद्रव्य पट्टा म्हणू या. त्याच्या वर खताची टंचाई असते आणि त्याच्या खाली उजेडाची.

हा पट्टा स्थिर नसतो, हेही लक्षात ठेवावे. समुद्राच्या पोटातून जाणाऱ्या अंतर्गत लाटा त्याला काही तासांत कित्येक मीटर वर-खाली हलवतात. एकाच ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी घेतलेल्या नोंदींमध्ये पट्टा वेगवेगळ्या खोलीवर दिसला, तर मोजणीत चूक झाली असे लगेच मानू नये.

जिथे हरितद्रव्य सर्वांत जास्त, तिथेच प्लवकही सर्वांत जास्त, असे समजावे का?

नेहमीच नाही. याबाबतीत पुष्कळ गैरसमज आहे. आपल्या गॅलरीत उन्हात ठेवलेल्या मनी प्लांटची पाने फिकट, पिवळसर होतात आणि घराच्या आतल्या कोपऱ्यातल्या त्याच वेलाची पाने गडद हिरवी राहतात, हे बहुतेकांनी पाहिले असेल. प्लवकांचेही असेच होते. उजेड कमी झाला की पेशी तो पकडण्यासाठी स्वतःमध्ये अधिक हरितद्रव्य तयार करते. भरपूर उजेडात तिला त्याची तेवढी गरज उरत नाही. त्यामुळे कार्बनच्या तुलनेत हरितद्रव्याचे प्रमाण पृष्ठभाग आणि खोल पट्टा यांच्यात कित्येक पटींनी बदलू शकते.

याचा अर्थ असा की उपोष्ण प्रदेशातील महासागरांत, जिथे पट्टा शंभर मीटरच्या खाली असतो, तिथे पेशींची संख्या किंवा त्यांतला कार्बन फारसा न वाढताही हरितद्रव्य मात्र दोन-चार पटींनी वाढलेले दिसते. उलट, समशीतोष्ण समुद्रांत तीस-चाळीस मीटरवर दिसणारा पट्टा पुष्कळदा खऱ्याखुऱ्या वाढीचा असतो, म्हणजे तिथे प्लवकच जास्त असतात. नोंदींच्या आलेखावर दोन्हींचा आकार सारखाच दिसतो. म्हणून आता हरितद्रव्याबरोबर पाण्यातील कणांमुळे विखुरणारा प्रकाशही मोजतात आणि त्यावरून कार्बनचा वेगळा अंदाज घेतात.

खोलीनुसार जीवही बदलतात. प्रोक्लोरोकॉकस हा जेमतेम ०.६ मायक्रॉन आकाराचा नीलहरित जिवाणू इतका लहान आहे की १९८० च्या दशकापर्यंत तो कोणाच्या लक्षातच आला नव्हता. सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. उष्ण समुद्राच्या लिटरभर पाण्यात तो दहा कोटींपर्यंत असू शकतो. त्याचे काही वंश प्रखर उजेडात वाढणारे आहेत, तर काही मंद निळ्या उजेडासाठीच घडलेले आहेत, आणि हे दोन प्रकार एकाच जागी, एकाखाली एक राहतात.

जगभर हा पट्टा किती खोलीवर सापडतो?

ढोबळ नियम असा की पाणी जेवढे स्वच्छ आणि वरचा थर जेवढा निकस, तेवढा पट्टा खोल. हवाई बेटांच्या उत्तरेस ‘अलोहा’ या ठिकाणी ऑक्टोबर १९८८ पासून साधारण दर महिन्याला जहाज जाऊन नोंदी घेते. तिथे हा पट्टा सुमारे १०० ते १२५ मीटरवर सापडतो. दक्षिण प्रशांत महासागरात ईस्टर बेटाजवळचे पाणी जगातील सर्वांत स्वच्छ नैसर्गिक पाण्यांपैकी आहे. तिथे पृष्ठभागावर घनमीटरमागे अवघे ०.०२ मिलिग्रॅम हरितद्रव्य असते आणि पट्टा १८० मीटरच्या आसपास जातो. वाशी रेल्वे स्थानकावरच्या इमारती एकावर एक चार-पाच रचल्या तर जेवढी उंची होईल, तेवढे खाली उतरल्यावर तिथला समुद्र सर्वांत हिरवा असतो.

भूमध्य समुद्र या नियमाचा सुंदर नमुना आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे तसे पाणी निकस होत जाते आणि पट्टाही पायरी-पायरीने खाली उतरत पन्नासेक मीटरवरून शंभर मीटरच्या पलीकडे जातो. विषुववृत्तीय प्रशांत महासागरात मात्र उतार उलट्या अर्थाने वाचावा लागतो: व्यापारी वारे उष्ण पाणी पश्चिमेला लोटतात, त्यामुळे पूर्वेकडे थंड, समृद्ध पाणी वर आलेले असते आणि हरितद्रव्यही पृष्ठभागाजवळ असते. एल निनोच्या वर्षी हा कल सपाट होतो आणि पूर्वेकडचे खत खाली दबले जाते.

पेरू, कॅलिफोर्निया, आफ्रिकेचा नैर्ऋत्य आणि वायव्य किनारा या ठिकाणी वाऱ्यामुळे खालचे पाणी थेट वर येते, म्हणून तिथे हरितद्रव्य पृष्ठभागाजवळच दाटते. अशा ठिकाणी दाट वाढीची सावली खाली पडते आणि उजेडाचा थर वीस-तीस मीटरांवर येतो.

थंड समुद्रांत काय होते?

उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळी वादळे पाणी शेकडो मीटर खोलवर घुसळतात, आणि त्या काळात हरितद्रव्य वरपासून खालपर्यंत विरळ पण एकसारखे पसरलेले असते. वसंतात ऊन वाढते, थर बसू लागतात आणि पृष्ठभागावर प्लवकांची मोठी वाढ होते. हॅराल्ड स्वेरड्रप यांनी १९५३ मध्ये या वाढीच्या सुरुवातीचे गणित मांडले. त्याच्या तपशिलावर आजही चर्चा चालते. उन्हाळ्यात वरचे खत संपले की हिरवेपणा खाली सरकतो.

आर्क्टिकमध्ये बर्फ वितळून आलेले गोडे पाणी वर तरंगते आणि त्याखाली पट्टा तयार होतो. २०११ च्या उन्हाळ्यात चुकची समुद्रात संशोधकांना चक्क बर्फाखाली प्लवकांची प्रचंड वाढ आढळली, जी कोणत्याही उपग्रहाला दिसली नसती. दक्षिण महासागरात गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे नायट्रेट मुबलक असूनही लोहाचा तुटवडा असल्यामुळे पाणी अपेक्षेपेक्षा कमी हिरवे राहते.

आपल्या अरबी समुद्रात हा पट्टा असतो का?

असतो, आणि ऋतूंप्रमाणे तो जितका बदलतो तितका फार थोड्या समुद्रांत बदलत असेल. एप्रिल-मे महिन्यांत वारा पडलेला असतो, ऊन कडक असते, पाण्याचे थर पक्के बसलेले असतात. त्या काळात खुल्या अरबी समुद्राचा पृष्ठभाग निकस होतो आणि हरितद्रव्याचा पट्टा साधारण चाळीस ते साठ मीटरवर स्थिरावतो.

जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की चित्र पालटते. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवर खालचे थंड पाणी वर येते, मध्य भागात वारा पाणी खोल घुसळतो, आणि पट्टा विस्कटून हिरवेपणा वर पसरतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पाणी वर येते. केरळकडे त्याचा जोर अधिक असतो आणि उत्तरेकडे तो कमी होत जातो. परंतु सह्याद्रीवरून येणाऱ्या नद्यांचे गोडे पाणी किनाऱ्यालगत पातळ झाकणासारखे पसरते, त्यामुळे वर आलेले थंड पाणी कित्येकदा त्या झाकणाखालीच थांबते. पावसाळा सरताना शेल्फवरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरच्या, या खालच्या पाण्यातील प्राणवायू फार कमी होतो, त्याच्याशीही याचा संबंध आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तर अरबी समुद्रात वेगळीच यंत्रणा चालते. ईशान्येकडून येणारे कोरडे, गार वारे पृष्ठभागाचे पाणी थंड आणि जड करतात, ते बुडते, आणि शंभर मीटरच्या आसपासपर्यंत पाणी ढवळले जाऊन खत वर येते. म्हणून उष्ण कटिबंधातला समुद्र असूनही तो हिवाळ्यातही हिरवा होतो. अलीकडच्या दशकांत या हिवाळी वाढीत हिरव्या नॉक्टिल्युका या डायनोफ्लॅजेलेटाचे प्रमाण लक्षणीय झाले आहे.

आणखी एक गोष्ट फक्त अशा प्राणवायूशून्य थरांच्या समुद्रांतच दिसते. अरबी समुद्रात मुख्य पट्ट्याच्या खाली, जिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो पण उजेडाची किंचित तिरीप पोहोचते, तिथे हरितद्रव्याचा दुसरा, खालचा पट्टा सापडतो आणि तो बहुतांशी मंद उजेडातल्या प्रोक्लोरोकॉकसचा असतो. एकाच पाण्यात दोन मजली हिरवेपणा, तोही आपल्या दारच्या समुद्रात, याचे मला आजही नवल वाटते.

आणि बंगालच्या उपसागरात?

गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती आणि इतर नद्यांचे गोडे पाणी, वर पाऊस, यांमुळे तिथला वरचा थर फार हलका असतो आणि वाऱ्याला तो फोडता येत नाही. त्यामुळे पृष्ठभाग निकस आणि पट्टा खाली, असे चित्र वर्षाचा बराच काळ टिकते. भोवरे आणि चक्रीवादळे मात्र खालचे खत वर उपसतात, आणि वादळ गेल्यावर त्याच्या मार्गावर हिरवा पट्टा उमटलेला उपग्रहांनी टिपला आहे.

हरितद्रव्य प्रत्यक्षात मोजतात कसे?

सर्वांत विश्वासाची पद्धत अजूनही पाणी गाळण्याचीच आहे. ठरावीक खोलीवर बंद होणाऱ्या बाटलीत पाणी घेतात, मंद उजेडात काचतंतूंच्या गाळणीतून ते ओढतात, आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या त्या पांढऱ्या चकतीवर एक डाग उरतो. खाडीच्या पाण्याचा डाग मातकट-तपकिरी असतो. खुल्या समुद्राचे दोन-चार लिटर पाणी गाळल्यावरही चकतीवर जेमतेम शेवाळी छटा येते. ही चकती ९० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात, थंड जागी काही तास ठेवली की रंगद्रव्य द्रवात उतरते आणि मग ते यंत्रावर मोजतात. हे अंधाराचे पथ्य पाळावेच लागते. एका वर्षी आमच्याकडून नमुन्यांच्या काही नळ्या दुपारभर खिडकीजवळ राहिल्या. संध्याकाळी त्यांतला हिरवा रंग फिकट पडलेला डोळ्यांनाच दिसत होता, आणि त्या दिवसाच्या सर्व नोंदी टाकून द्याव्या लागल्या. विद्यार्थ्यांनी पहाटेच्या ओहोटीला जाऊन आणलेले पाणी होते ते, म्हणून त्याची हळहळ अजून आहे.

दुसरी पद्धत प्रतिदीप्तीची. हरितद्रव्यावर निळा प्रकाश टाकला की ते त्यातला थोडा भाग लाल प्रकाशाच्या रूपाने परत देते. हा लाल उजेड मोजणारे छोटे संवेदक आता आर्गो तरंडांवर बसवले आहेत. साधा आर्गो तरंड १००० मीटरवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना नोंदी घेऊन उपग्रहाला पाठवतो. जैव-रासायनिक आर्गो तरंड हरितद्रव्याबरोबर प्राणवायू, नायट्रेट, आम्लता, कण आणि उजेडही मोजतात. आपल्या पावसाळ्यात जेव्हा अरबी समुद्र सर्वाधिक हिरवा असतो, तेव्हाच ढगांमुळे उपग्रहाला तो दिसत नाही. त्या महिन्यांत या तरंडांचा आधार किती मोठा आहे, हे सांगायला नको.

या संवेदकांचे आकडे जसेच्या तसे घ्यावेत का?

घेऊ नयेत. भर दुपारी प्लवक जादा उजेडापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी ऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकून देतात आणि त्यांची प्रतिदीप्ती मंदावते. त्यामुळे दुपारच्या नोंदीत वरच्या थरातले हरितद्रव्य खोटेच कमी दिसते आणि खाली पट्टा असल्याचा भास होऊ शकतो. शिवाय २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक तुलनेत असे आढळले की एका प्रचलित प्रकारचे संवेदक जागतिक सरासरीने हरितद्रव्य सुमारे दुप्पट दाखवत होते, दक्षिण महासागरात तर त्याहूनही अधिक. म्हणून रात्रीच्या नोंदी आणि गाळलेल्या पाण्याशी पडताळा, या दोन्हींना पर्याय नाही.

ठाणे खाडीतही असा खोल पट्टा असतो का?

नाही, आणि का नाही हे पाहणे उद्बोधक आहे. स्टीलच्या ताटलीला पांढरा रंग देऊन, मधोमध दोरी आणि खाली वजन बांधून आम्ही ती ऐरोलीजवळ होडीतून पाण्यात सोडली होती. ती अर्ध्या मीटरच्या आतच दिसेनाशी झाली. आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये याच साध्या युक्तीने भूमध्य समुद्राची पारदर्शकता मोजली होती. जिथे उजेड एवढा उथळ आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटी पाणी तळापासून ढवळते, तिथे थर बसायला सवडच मिळत नाही. उधाणाला तर तळचा गाळ वर येऊन पाणी आणखी गढूळ होते; भांगेच्या दिवसांत ते त्या मानाने निवळते. खाडीत खताचा तुटवडा नसतो, उलट सांडपाण्यामुळे ते जरुरीपेक्षा जास्तच असते. तिथे टंचाई असते ती उजेडाची.

पण खोलीनुसार रंगद्रव्य बदलण्याची गोष्ट खाडीत निराळ्या मापाने घडते. दिवसा ओहोटी लागली आणि चिखल उघडा पडला की काही वेळाने त्याच्यावर सोनेरी-तपकिरी झाक चढते. हे चिखलात राहणारे डायटम असतात; ते उजेडासाठी कणांमधून सरकत वर येतात आणि भरती परतण्याच्या सुमारास पुन्हा आत जातात. ईस्टर बेटाजवळ जो फरक १८० मीटरांत मावतो, तो इथे दोन-तीन मिलिमीटरांत घडतो.

फ्लेमिंगोंचा याच्याशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) चिखलाच्या आणि पाण्याच्या वरच्या थरातून हेच सूक्ष्म शैवाल आणि नीलहरित जिवाणू गाळून खातो, आणि त्यांतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून त्याच्या पिसांना गुलाबी रंग येतो. खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आला. चिखलाचा तो मिलिमीटरभर जिवंत थर भरावाखाली गेला, तर पक्ष्यांसाठी दुसरे पान वाढलेले नाही.

दिवाळे किंवा वाशी गावातील मच्छीमारांना या अभ्यासाचा काय उपयोग?

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांवरून मिळणारे पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य वापरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना स्थानिक भाषांतून देते. हिरव्या आणि निळ्या पाण्याच्या सीमेवर मासे जमतात, हे त्यामागचे तत्त्व आहे. पण ही सूचना वरच्या थराच्या माहितीवर आधारलेली असते, आणि मासे तर खोल पट्ट्याच्या आसपासही चरतात. तरंडांच्या नोंदी अशा सूचनांमध्ये जितक्या मिसळतील तितक्या त्या उपयोगी ठरतील, असे माझे मत आहे.

तापमानवाढीमुळे हे चित्र बदलते आहे का?

समुद्राचा वरचा थर तापला की थर अधिक पक्के बसतात आणि खत वर येणे अवघड होते, ही मूळ काळजी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वीस वर्षांच्या उपग्रह नोंदींवरून जगातील समुद्रांच्या सुमारे ५६ टक्के भागाचा रंग बदलल्याचे दाखवले गेले. मात्र रंग बदलणे म्हणजे प्लवक कमी होणे असे समीकरण मांडता येत नाही. वर सांगितल्याप्रमाणे उजेडाच्या फरकाने पेशीतील हरितद्रव्यच कमी-जास्त होते. बर्म्युडाजवळ १९८८ पासून चालू असलेल्या नोंदींत तर पृष्ठभागाजवळचे आणि खालचे प्लवक एकाच प्रकारे बदलताना दिसत नाहीत. म्हणून ‘समुद्र निकस होतो आहे’ किंवा ‘हिरवा होतो आहे’ अशा मथळ्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी, मोजणी किती खोलीची आहे हे जरूर पाहावे.

शाळेत यातले काही करून पाहता येईल का?

पालकाची चार-पाच पाने बारीक कुटून स्पिरिटमध्ये दहा मिनिटे भिजवावीत आणि तो अर्क गाळून काचेच्या छोट्या बाटलीत घ्यावा. स्पिरिट पेट घेते, त्यामुळे गॅस किंवा मेणबत्ती जवळ नसावी आणि शिक्षक सोबत असावेत. खोलीत अंधार करून नोटा तपासण्याची जांभळ्या उजेडाची टॉर्च बाटलीच्या बाजूने धरावी. हिरवा अर्क गडद लाल दिसू लागतो. तरंडावरचा संवेदक समुद्रात हाच लाल उजेड मोजतो. मग त्याच अर्काचे दोन भाग करून एक बाटली कपाटात आणि दुसरी उन्हात दोन तास ठेवावी, आणि पुन्हा टॉर्च धरून दोन्हींतला फरक वहीत नोंदवावा.